इंग्रजीचे हिज्जे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा तास चालू होता आणि एक मुलगा उभा राहून इंग्रजीचा धडा वाचत होता. सलग, न अडखळता, खणखणीत आवाजात. आम्ही बाकांमधून फिरत त्याच्यापाशी पोहोचलो. पाहतो तर पुस्तकाचे पान भलतेच उघडलेले! मुलगा वाचत नव्हता, धडा म्हणून दाखवत होता. घरी मोठ्या बहिणीकडून ऐकून ऐकून त्याने तो तोंडपाठ केला होता.

वर्गात काही बोललो नाही. शाळा सुटल्यावर त्याला थांबवले आणि फळ्यावर ‘स्टॅम्प’ हा शब्द इंग्रजीत लिहिला. त्याने अक्षरे बरोबर ओळखली. एस, टी, ए, एम, पी. मग आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. पुन्हा एकदा अक्षरे म्हटली. शेवटी म्हणाला, “टीचर, हा शब्द शिकवलेला नाही.”

त्या रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण या मुलाचा नाज़िरा कुरआन अकराव्या वर्षी पूर्ण झाला होता. मुसहफ कुठूनही उघडून दिला तर तो कुठलाही शब्द वाचतो. तिथे कधी “हा शब्द शिकवलेला नाही” असे म्हणत नाही. अरबी भाषा त्याला येत नाही आणि घरात कुणालाच येत नाही. तरी न शिकवलेला अरबी शब्द त्याला वाचता येतो. इंग्रजी मात्र पहिलीपासून शिकून सात वर्षे झाली, घरात निम्मे शब्द इंग्रजीच, आणि पाच अक्षरांचा शब्द वाचता येत नाही. पोरगा तोच, डोके तेच. फरक होता तो शिकवण्यात, आणि शिकवणारे आम्हीच.

मकतबमध्ये मूल पहिल्या दिवशी अख्खा शब्द शिकत नाही. कायदा उघडतो, हरफ ओळखतो, मग ज़बर-ज़ेर-पेश येतात. बे ज़बर ब, बे ज़ेर बि, बे पेश बु. मग जज़म येतो. अलिफ बे ज़बर अब. आधी हिज्जे, मग रवाँ. मौलाना एक तख्ती पक्की झाल्याशिवाय दुसरीवर जाऊ देत नाहीत. वर्ष-दीड वर्षात मुलाच्या हातात अशी चावी येते की कुठलेही कुलूप उघडावे. मराठीतही तेच आहे. बाराखडी आली की मूल दुकानांच्या पाट्या वाचत सुटते.

इंग्रजीत आम्ही काय करतो? ‘सी-ए-टी कॅट’ असे पन्नास वेळा म्हणायला लावतो. आता हे जरा कानाने ऐका. सी, ए, टी या तीन नावांची बेरीज ‘सीएटी’ होते, ‘कॅट’ कशी होईल? ‘सी’ या नावात ‘क’ चा आवाज कुठेच नाही. ‘एच’ म्हणताना ‘ह’ ऐकू येत नाही. ‘डब्ल्यू’ हे नाव तर ‘ड’ ने सुरू होते, आणि ‘वाय’ हे नाव ‘व’ ने. म्हणून तर पहिली-दुसरीची मुले ‘व’ आवाजाचा शब्द लिहिताना वाय काढतात, आणि ‘कार’ लिहायला सांगितले तर ‘के-आर’ लिहितात. आम्ही लाल शाईने फुली मारतो. खरे तर त्या मुलाने डोके वापरलेले असते. आम्ही दिलेल्या नावांमध्ये त्याने आवाज शोधलेला असतो.

अक्षराला नाव असते आणि आवाज असतो. नाव फॉर्म भरायला, पासपोर्टचा नंबर सांगायला उपयोगी पडते. वाचायला आवाज लागतो. एवढी साधी गोष्ट समजायला आम्हाला बीएड होऊन वीस वर्षे लागली, हे कबूल केलेले बरे.

आमची पिढी पाचवीत एबीसीडी शिकली. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हा वाटले होते, चार वर्षे जास्त मिळाली, आता आपली मुले मागे राहणार नाहीत. वर्षे वाढली, पण पुष्कळ वर्गांत पद्धत तीच राहिली: अक्षरांची नावे, चित्रासमोरचा शब्द, स्पेलिंग दहा वेळा लिहून आणणे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2022 साली देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी साध्यासोप्या इंग्रजी वाक्याचे वाचन 24.5 टक्के मुलांना जमले, आणि आठवीच्या मुलांपैकी 46.7 टक्के मुलांना. म्हणजे आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना एक वाक्य वाचता येत नाही. आमचा तो विद्यार्थी एकटा नव्हता. तो फक्त पकडला गेला.

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांच्याकडेही हा वाद जुना आहे. अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला लावावा की आवाज जोडून वाचायला शिकवावे, यावर तिथे पिढ्यानपिढ्या भांडणे झाली. स्कॉटलंडमधल्या क्लॅकमननशायर भागात सुमारे तीनशे मुलांवर सात वर्षे अभ्यास झाला, त्याचा अहवाल 2005 मध्ये आला. ज्यांना सुरुवातीपासून आवाज जोडायला शिकवले, ती मुले प्राथमिक शाळा संपताना शब्दवाचनात आपल्या वयाच्या साडेतीन वर्षे पुढे होती आणि स्पेलिंगमध्ये पावणेदोन वर्षांच्या आसपास. 2006 मध्ये जिम रोझ यांच्या अहवालाने इंग्लंडच्या शाळांना हीच वाट घ्यायला सांगितले. 2012 पासून तिथे पहिलीच्या शेवटी प्रत्येक मुलाला चाळीस शब्द वाचायला देतात. त्यातले वीस शब्द खरे असतात आणि वीस चक्क निरर्थक, कुठल्याही शब्दकोशात नसलेले. पाठांतर करून आलेले मूल तिथे लगेच सापडते. आम्ही हे वाचले तेव्हा त्या भलत्या पानाची आठवण झाली.

आमच्याकडे सुरुवात मधल्या सुट्टीत झाली. आठ मुले, आठवीची आणि सहावीची मिसळून. सामान म्हणून जुन्या लग्नपत्रिका. पाठीमागची कोरी बाजू कापून चौकोनी तुकडे केले, प्रत्येकावर एक अक्षर लिहिले. ए पासून झेड पर्यंत क्रमाने मात्र गेलो नाही. या पद्धतीत पहिल्या खेपेला सहाच अक्षरे घेतात: एस, ए, टी, पी, आय, एन. त्यांचे आवाज स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्या सहा तुकड्यांतून सॅट, सिट, टॅप, टिप, पिन, टिन, नॅप, पॅन, अँट, स्पिन, स्नॅप असे वीसेक शब्द तयार होतात. ए, बी, सी, डी, ई, एफ ही पहिली सहा घेऊन पाहा, किती होतात ते. मुलाला पहिल्याच आठवड्यात स्वतः काहीतरी वाचल्याचा आनंद मिळायला हवा. आठवीतल्या, मिसरूड फुटू लागलेल्या पोरांनाही तो झाला. लपवत होते एवढेच.

इथे एक अडचण येते, ती जवळजवळ प्रत्येक घरात येईल. आपण आवाज शिकवायला जातो आणि ‘ट’ म्हणतो, ‘प’ म्हणतो. देवनागरीच्या अक्षरात ‘अ’ मिसळलेला असतो. मग मूल ‘ट-ॲ-प’ जोडताना ‘टअॅपअ’ असे काहीतरी म्हणते आणि शब्द लागत नाही. इंग्रजीवाल्या शिक्षकांना हे समजावताना फार कष्ट पडतात. आपल्या मुलांना एका शब्दात समजते: जज़म. मराठीच्या तासाला तोच हलंत, पाय मोडलेले अक्षर. “ट वर जज़म आहे, पुढे ओढायचा नाही,” म्हटले की ती लगेच ‘ट्’ म्हणतात. ज्या मुलाने ‘अब, तब, सब’ हिज्जे करून वाचले आहे त्याला ‘सॅट’ मध्ये नवीन काही नाही.

आणि हा कायद्याचा उपयोग इथेच संपत नाही. अरबीत हरफ कुठून निघतो त्या जागेला मखरज म्हणतात. कारी लोक असे सतरा मखारिज मानतात. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी अरबीचा शब्दकोश रचला तोच मुळी हलकाच्या, म्हणजे घशाच्या, अक्षरापासून सुरू करून ओठांपर्यंत. मराठीची वर्णमालाही क-ख-ग घशाकडून निघते आणि प-फ-ब ओठांवर येते. इंग्रजीची ए-बी-सी-डी मात्र कशाच्याच क्रमाने नाही. म्हणून इंग्रजी अक्षर शिकवताना आम्ही जीभ कुठे, दात कुठे, हे विचारू लागलो. मुले हसत हसत एकमेकांच्या तोंडात पाहू लागली.

त्यातून गंमत कळली. इंग्रजी ‘थिन’ मधला टी-एच आपण ‘थ’ ने भागवतो आणि ‘दिस’ मधला ‘द’ ने. पण जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला लावून हवा सोडली की निघतो तो आवाज म्हणजे अरबीतला ‘से’. आणि ‘दिस’ मधला आवाज म्हणजे ‘ज़ाल’. उर्दू बोलताना आपण ‘से’ चा ‘सीन’ करतो आणि ‘ज़ाल’ चा ‘ज़े’, पण ज्याने कारीसाहेबांकडे तजवीद केली आहे त्याच्या जिभेवर हे दोन्ही आवाज आधीच आहेत. एफ म्हणजे ‘फे’: वरचे दात खालच्या ओठावर. मराठी ‘फळ’ मधला फ दोन्ही ओठ मिटून निघतो, तो वेगळा. झेड म्हणजे ‘ज़े’. डब्ल्यू म्हणजे ‘वाव’, ओठ गोल करून. व्ही अरबीत नाही, पण ‘फे’ च्याच जागी दात ठेवून आवाज घुमवला की झाला व्ही. ‘व्हॅन’ आणि ‘वन’ यांतला फरक आमच्या मुलांना असा दहा मिनिटांत कळला.

उलट अरबीत ‘पे’ नाही. आखातातून सुट्टीवर आलेल्या कुठल्याही चाचा-मामूंना विचारा, तिथला अरब शेजारी ‘पार्किंग’ ला ‘बार्किंग’ म्हणतो की नाही! वर्गात हा किस्सा सांगितला तेव्हा एक मुलगी म्हणाली, “म्हणजे त्यांनापण कठीण जातं?” जाते तर. प्रत्येक भाषेची जीभ वेगळी सवयीची असते. त्या दिवसापासून ती मुलगी चुकायला घाबरेनाशी झाली.

स्वर मात्र खरोखर त्रास देतात. इंग्रजीत स्वरांची अक्षरे पाच आणि स्वरांचे आवाज वीसच्या आसपास. एकूण अक्षरे 26, आवाज साधारण 44. अंगाला कपडा अपुरा, म्हणून मग दोन-दोन अक्षरे मिळून एक आवाज भागवतात: एस-एच मिळून श्, सी-एच मिळून च्, डबल ई मिळून ई, ए-आय मिळून एऽ. ‘यू’ चा पहिला आवाज ‘उ’ नाही, ‘अ’ आहे, हे आम्ही मुद्दाम आठवडाभर घोटले, कारण आपली मुले ‘कप’ चा ‘कुप’ आणि ‘बस’ चा ‘बुस’ करतात. ‘चुपके चुपके’ मधला ड्रायव्हर बनलेला धर्मेंद्र स्पेलिंगवरून जो गोंधळ घालतो, तो आपल्या सगळ्यांचाच आहे. छपाई सुरू झाल्यावर स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली आणि बोलणे पुढे बदलत राहिले. ‘नी’ म्हणजे गुडघा, त्यातला के एके काळी बोलला जायचा. आज तो नुसता उभा आहे.

यावर मुले कुरकुरतात की जे बोलायचे नाही ते लिहायचे कशाला? आम्ही त्यांना ‘ख़्वाब’ लिहायला सांगतो. उर्दूत त्यात वाव लिहितो, बोलतो का? ‘बिलकुल’ मधला अलिफ? मग गप्प बसतात. तसाच इंग्रजी शब्दाच्या शेवटचा मुका ई. तो स्वतः बोलत नाही, पण आधीच्या स्वराला त्याचे नाव बोलायला लावतो. ‘टॅप’ च्या शेवटी ई आला की ‘टेप’, ‘किट’ चे ‘काइट’, ‘हॉप’ चे ‘होप’, ‘कब’ चे ‘क्यूब’.

स्पेलिंगसाठी आम्ही दहा वेळा लिहून आणणे बंद केले. त्याऐवजी बोटे. शब्द सावकाश बोलायचा, जितके आवाज ऐकू येतील तितकी बोटे उघडायची, मग प्रत्येक बोटासाठी अक्षर शोधायचे. ‘शिप’ ला तीन बोटे, अक्षरे चार. ‘बॉक्स’ ला चार बोटे, अक्षरे तीन, कारण एक्स एकटाच ‘क्स्’ म्हणतो. ‘क’ चा आवाज आला की सी लिहायचा की के, हा कायमचा प्रश्न. पुढे ए, ओ, यू असेल तर बहुधा सी: कॅट, कॉट, कप. पुढे ई किंवा आय असेल तर के: किट, किंग, केटल, कारण तिथे सी लिहिला तर तो ‘स’ म्हणू लागतो. आणि छोट्या शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व स्वरानंतर सी आणि के दोन्ही: डक, सिक, रॉक. नियम मोडणारे शब्द निघतात, पण शंभर शब्द आवाजाने आले की पाठ करायला दहाच उरतात. ‘सेड’, ‘वॉज’, ‘वन’, ‘टू’, ‘द’ हे असे हट्टी शब्द. ते पाठच करायचे. त्यांच्यावर अक्कल चालवण्यात वेळ घालवू नये.

घरी हे कुणी करायचे? आम्हाला सर्वात चांगला अनुभव आला तो ज्या अम्मींना इंग्रजी येत नाही त्यांच्याकडून. पालीतलीच एक माता, उर्दू सातवीपर्यंत शिकलेली. मगरिबनंतर मुलाचे दप्तर उघडून बसायची आणि रडवेली व्हायची, कारण तिला काहीच कळत नव्हते. तिला आम्ही ते सहा तुकडे दिले आणि म्हटले, “तुम्ही शिकवू नका, त्यालाच शिकवायला लावा.” रोज पंधरा मिनिटे. मुलगा आवाज सांगायचा, ती जोडायची. चार महिन्यांनी ती घरातली औषधाची पट्टी आणून आमच्यासमोर वाचू लागली. नाव लांबलचक होते, शेवटी चुकली, पण निम्म्यापर्यंत बरोबर गेली होती. ज्यांना इंग्रजी येते ते अब्बा मात्र चटकन शब्द सांगून टाकतात. फोनवर कुवेतहून! मूल अडले की थांबायला शिका, मनात दहापर्यंत मोजा.

एका ठिकाणी आवाजाचा उपयोग नाही, उलट धोका आहे: स्वतःचे नाव. आयेशा, साजिदा, मुहम्मद, शेख ही नावे इंग्रजीत चार-चार तऱ्हेने लिहितात आणि आवाजाच्या हिशेबाने चारही बरोबर असतात. पण जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असेल तर पासपोर्टच्या वेळी काय होते ते कोकणातल्या घरांना सांगायला नको. जन्मदाखल्यावरचे अक्षर न् अक्षर मुलाला पाठ करायला लावा आणि तेच सगळीकडे लिहा.

अजून एक गोष्ट राहिली आणि ती बोलायला थोडी अवघड आहे. क्लॅकमननशायरच्या त्याच अहवालात शब्दवाचनात साडेतीन वर्षे पुढे गेलेली मुले अर्थ समजण्यात फक्त साडेतीन महिने पुढे होती. हे वाचून इतरांना आश्चर्य वाटेल, आपल्याला वाटू नये. आपली मुले अरबी रवाँ वाचतात आणि अर्थ विचारला तर खाली पाहतात. तिलावतचा सवाब वेगळा, त्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही. पण इंग्रजीत वाचून न समजण्याचा काही सवाब नाही. म्हणून आमच्या मधल्या सुट्टीत नियम झाला: शब्द वाचला की तो काय आहे ते दाखवायचे किंवा मराठीत, उर्दूत, कोकणीत सांगायचे. ‘टिन’ म्हणजे पत्रा. ‘नॅप’ म्हणजे जेवणानंतरचा कैलुला. निरर्थक शब्द असेल तर हात वर करून “याला माना नाही” म्हणायचे. यात वेळ जातो. आठ मुलांना जमते, पंचेचाळीसच्या वर्गात जमत नाही, आणि त्यावर अजून आम्हाला उपाय सापडलेला नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. धडे अजून सावकाश वाचतो, बहिणीची मदत मागतो, पण पान उघडे असते ते बरोबरचे. गेल्या महिन्यात आम्ही पालीच्या नाक्यावर लांज्याच्या गाडीची वाट पाहत उभे होतो, तो सायकलवरून आला. हायवेच्या कामासाठी लावलेल्या पिवळ्या फलकाकडे बोट करून म्हणाला, “टीचर, वाचू? टेक... डि-व्हर्-सि-ऑन.”

आम्हाला हसू आले. ‘डायव्हर्जन’ असे सांगितले. त्याने फलकाकडे पुन्हा पाहिले, ओठ हलवले, बोटे मोजली.

“शेवटचं एस-आय-ओ-एन म्हणजे ‘जन’? मग ‘टेलिव्हिजन’ च्या शेवटीपण हेच असेल ना?”